चिकाचे हात आणि एक रिकामा रकाना

देवगड तालुक्यातल्या कातळावरच्या एका बागेचं हे प्रकरण. बाग भाऊंची, आणि हंगामात पडवीच्या कोपऱ्यात जे ऑफिस थाटलं जातं ते वहिनींचं. मी तालुक्यात कॉम्प्युटर दुरुस्तीची आणि शिकवण्याची कामं करतो, म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला बोलावणं आलं. फोनवर तक्रार एवढीच: माऊस चालत नाही, येताना नवा घेऊन ये.

घेऊन गेलो. जुना उलटा करून पाहिला तर तळाशी काळपट, चिकट थर. आंब्याचा चीक. देठ मोडला की जो चीक उडतो तो कातडीला लागला तरी भाजतं, तिथे माऊसचं काय घेऊन बसलात. वहिनी टायपिंग करता करता मधेच उठून पेटीत चार फळं लावायच्या आणि तशाच येऊन माऊस धरायच्या. हंगाम जेमतेम महिन्याचा झालेला आणि हा तिसरा माऊस. मी चौथा खोक्यातून काढतोय तोवर त्या म्हणाल्या, "हात चिकाचो, उंदीर कसो धरू सांग. ह्या उंदराशिवाय काम होवचां नाय काय?"

त्या थट्टेत बोलल्या होत्या. पण मी माऊस खोक्यातच ठेवला आणि म्हटलं, तुम्ही नेहमीसारखं काम करा, मी तासभर नुसता बसतो.

काम असं होतं. वाशीला जाणारा माल वेगळा, त्याचा हिशेब दलालाकडे. इथे प्रश्न घरपोच पेट्यांचा. मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर नाव, पत्ता, किती डझन, फळ कच्चं हवं की तयार, हे सगळं लिहून पाठवतात. वहिनी तो मजकूर लॅपटॉपवर उघडून एक्सेलमध्ये उतरवतात, त्यावरून वर्डमध्ये लेबलं छापली जातात, ती पेट्यांवर चिकटवली जातात आणि संध्याकाळी पाचला टेम्पो निघतो. भर हंगामात दिवसाला चाळीसेक ऑर्डरी. टेम्पो चुकला तर तयार फळ एक दिवस आणखी तयार होतं, म्हणजे काय होतं ते आंबेवाल्याला सांगायला नको.

त्या तासात मी वहीत एकच गोष्ट टिपत गेलो: हात कुठून कुठे जातो. आणि एका पत्त्यापाशी माझी पेन्सिल थांबेनाच. पत्ता चार ओळींचा. वहिनी पहिली ओळ माऊसने खेचून रंगवत, राइट-क्लिक करून कॉपी, खाली पट्टीवर जाऊन एक्सेल, सेलवर क्लिक, पुन्हा राइट-क्लिक, पेस्ट, पुन्हा खाली पट्टीवर व्हॉट्सॲप. मग दुसरी ओळ. मग तिसरी. सेलमधल्या मजकुराच्या शेवटी जाऊन जोडायची कसरत वेगळीच.

"अख्खा पत्ता एकदम का नाही उचलत?"

त्यांनी उचलून दाखवला. पेस्ट केल्याबरोबर चार ओळी चार सेलमध्ये, एकाखाली एक, आणि खालच्या तीन गिऱ्हाइकांचे पत्ते पुसले गेलेले. असं पहिल्या आठवड्यात झालं होतं, तेव्हापासून त्या एकेक ओळ आणत होत्या. चूक त्यांची म्हणवत नाही. एक्सेल नव्या ओळीला नवी ओळच समजतं, जोवर तुम्ही त्याला सांगत नाही की मी सेलच्या आत आहे. ते सांगायचं बटण म्हणजे एफ-टू. आधी एफ-टू, मग कंट्रोल-व्ही, की चारही ओळी गुपचूप एकाच सेलमध्ये बसतात.

मोठ्या दिमाखात एफ-टू दाबलं आणि पडद्याचा उजेड कमी झाला. लॅपटॉपवाल्यांनी वरच्या रांगेतल्या बटणांना उजेड-आवाजाची कामं लावून ठेवलेली असतात. या लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकदम दाबलं की ती बटणं मूळ कामाला लागत होती. बऱ्याच लॅपटॉपांवर हीच युक्ती चालते, सगळ्यांवर नाही.

भाऊ तोवर पडवीत येऊन उभे. त्यांचा स्वभाव हिशेबी. "ह्याने नक्की वाचतं किती, ते आकड्यात सांग."

स्टॉपवॉच लावण्यापेक्षा मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल या तिघांनी १९८० साली अशा कामांचा एक ठोकताळा प्रसिद्ध केला होता, तो अजून वापरात आहे. चांगल्या टायपिस्टला एक बटण दाबायला साधारण ०.२ सेकंद, माऊसचा बाण एका ठिकाणी नेऊन टेकवायला १.१ सेकंद, हात कीबोर्डवरून माऊसवर किंवा उलट न्यायला ०.४ सेकंद, आणि पुढे काय करायचं हे मनाशी ठरवायला १.३५ सेकंद. वहिनींच्या जुन्या पद्धतीत एका ओळीला बाण आठ ठिकाणी टेकत होता, म्हणजे पावणेनऊ सेकंद. चार ओळींचे पस्तीस. नव्या पद्धतीत पत्ता एकदाच खेचून रंगवायचा, त्याचे बाणाचे दोन थांबे. मग कंट्रोल-सी, एक्सेलवर जायला ऑल्ट-टॅब, एफ-टू, कंट्रोल-व्ही आणि पुढच्या रकान्यासाठी टॅब, अशी मिळून आठ बटणं. हाताची ये-जा दोनदा. बेरीज साडेचार-पाच सेकंद. एका ऑर्डरीमागे अर्धा मिनिट, चाळीस ऑर्डरींचे वीस मिनिटं. विचाराचा वेळ मी धरला नव्हता.

"वीस मिनिटं," भाऊ म्हणाले. "म्हणजे टेम्पोवाल्याची शिवी वाचली." आणि लगेच पुढे, "मग असे सगळे शॉर्टकट छापून भिंतीला लावूया."

इथे मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. गिऱ्हाइकाचा उत्साह मोडवत नाही, हा माझा धंद्यातला दोष. शंभरेक शॉर्टकटांचा तक्ता छापून, प्लास्टिक चढवून दिला.

तो तक्ता आठवडाभरात कालनिर्णयाखाली गेला. का जातो, त्याचं कारण त्या १.३५ सेकंदात आहे. ॲपलमध्ये सुरुवातीच्या काळात माऊस आणि मेनूंवर काम केलेल्या ब्रूस टॉग्नाझिनी यांनी फार पूर्वी लिहून ठेवलंय की लोक छातीठोकपणे सांगतात कीबोर्ड जलद, आणि घड्याळ सांगतं माऊस जलद. कारण कोणतं बटण दाबायचं हे आठवण्यात दोनेक सेकंद जातात आणि ते गेलेले माणसाला कळतच नाहीत. त्यांचं म्हणणं मला सरसकट पटत नाही. पण तक्त्याकडे मान वर करून शोधायच्या शॉर्टकटाला ते शंभर टक्के लागू आहे. जो शॉर्टकट दिवसातून चाळीस वेळा लागतो तो तिसऱ्या दिवशी बोटांत उतरतो आणि आठवावा लागत नाही. जो आठवड्यातून एकदा लागतो त्यासाठी मेनू बरा. वहिनींना मी शेवटी मोजून पाच गोष्टी दिल्या, त्यातल्या दोन त्यांनी टाकून दिल्या.

टिकलेल्यांपैकी एकीचं मला स्वतःलाच कौतुक आहे, आणि ती शॉर्टकटांच्या यादीत सहसा नसते. एक्सेलमध्ये नावापासून सुरुवात करून टॅब-टॅब करत उजवीकडे भरत जायचं आणि शेवटी एंटर दाबायचा. सेलची चौकट बरोबर पुढच्या ओळीत, नावाखालीच येऊन थांबते, जिथून टॅब सुरू केला होता तिथे. वहिनी आधी दर ओळीनंतर माऊसने मागे यायच्या. हे दाखवल्यावर त्या क्षणभर गप्प, मग म्हणाल्या, "मशीनचो कॅरेज परत येता तसा!" लग्नाआधी मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली बाई ती. टाइपरायटरवर ओळ संपली की हात मारून कॅरेज उजवीकडे ढकलायचा, नवी ओळ सुरू. त्यांची बोटं बटणांसाठीच घडलेली होती. गेली काही वर्षं उगाच उंदराच्या मागे धावत होती.

कंट्रोल-झेड, एक्स, सी, व्ही (केलेलं मागे घेणं, कट, कॉपी, पेस्ट) ही चार बटणं त्यांना येत होती, पण त्या ती दोन हातांनी दाबत: डाव्या हाताने कंट्रोल, उजव्याने सी. ही बटणं कीबोर्डाच्या खालच्या रांगेत डाव्या कोपऱ्यात ओळीने का आहेत, असं मी विचारलं. सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी कट-कॉपी-पेस्टची पद्धत बसवली. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले आणि तिथे ही चार बटणं कायमची ठरली. एका डाव्या हाताने चारही दाबता येतात, उजवा मोकळा. वहिनींना इतिहासात रस नव्हता. उजवा हात मोकळा, एवढं त्यांनी उचललं. आता उजव्या हातात फोन किंवा वही, आणि चीक लागलाच तर तो उजव्या हातालाच.

टाकून दिलेल्यांपैकी एक होता विंडोज-व्ही. कॉपी केलेल्या मागच्या पंचवीस गोष्टी त्यात दिसतात, विंडोज १० मध्ये २०१८ पासून आहे, पहिल्यांदा चालू करावा लागतो. मला वाटलं होतं नाव, पत्ता, मोबाइल सलग कॉपी करून मग एकामागून एक टाकता येतील. वहिनींना ती यादी उघडली की गोंधळ व्हायचा, यातला मोबाइल ह्या गिऱ्हाइकाचा की मागच्या? त्यांचं बरोबर होतं. पेटी चुकीच्या घरी जाण्यापेक्षा दोनदा ऑल्ट-टॅब बरा.

भाषा बदलायचा विंडोज-स्पेस मात्र पक्का बसला, तो एका फजितीमुळे. पत्ते इंग्रजीत, पण "आजोबांना मधुमेह, पिकलेली कमी द्या" असल्या टिपा वहिनी मराठीत लिहितात, इनस्क्रिप्ट या कीबोर्डाच्या मांडणीने. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. भाषा बदलायची विसरून त्यांनी इंग्रजीत दादर लिहायला घेतलं. डी, ए, आर ही तिन्ही अक्षरं डाव्या हाताची. पडद्यावर एकही व्यंजन नाही, नुसते पायमोड, काने-मात्रा नि वेलांटी, ठिपक्यांच्या गोलाला लोंबकळणाऱ्या. भाऊ म्हणाले दादरचा माणूस हल्ली असाच लोंबकळत जातो.

पहिला आठवडा असा छान गेला. मग माझी चूक उघडी पडली.

लेबलं छापायच्या आधी पेट्या गठ्ठ्यांनी लावायच्या असतात: दादर-माहीम एकीकडे, डोंबिवली-कल्याण एकीकडे, पुणं वेगळं. वहिनी हे डोळ्यांनी करत. मी म्हटलं, पिन कोडवर क्रम लावा की. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे पिन कोड आहे, आणि श्रीराम भिकाजी वेलणकरांनी तो असा बेतला आहे की नुसते आकडे चढत्या क्रमाने लावले तरी बराचसा भूगोल आपोआप जागेवर बसतो. ४०० ने सुरू होणारी मुंबई आणि ठाणे, ४११ पुणं, ४२१ डोंबिवली-कल्याण. पिनच्या रकान्यात उभं राहायचं आणि ऑल्ट, मग ए, एस, ए. चार बटणं, दोन सेकंद, सगळी यादी सरळ. वहिनींना हा शॉर्टकट पाचही गोष्टींत सगळ्यांत आवडला होता.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला फोन. आवाज वहिनींचा नव्हता, भाऊंचा होता, आणि त्यात थट्टा नव्हती.

तिथे पोचलो तेव्हा बारा पेट्यांवर लेबलं लागलेली होती आणि तात्या तेराव्या पेटीपाशी हाताची घडी घालून उभे. तात्या तिथे तीस-एक वर्षं पेट्या भरतात. लेबलावरचं नाव दादरच्या एका आजींचं, जुनं गिऱ्हाईक, आणि खाली लिहिलेलं पाच डझन, कच्चा. तात्या म्हणाले, "ह्या बाईक पाच डझन कित्याक? ती एकटीच रवता. दोन डझन, तो पण तयार, दरवर्साक." एवढ्यावर त्यांनी काम थांबवलं होतं. कॉम्प्युटरने छापलंय म्हणून पुढे गेले असते तर त्रेचाळीस पेट्या चुकीच्या गेल्या असत्या.

पत्ते बरोबर होते. नावाशी पत्ता, पत्त्याशी पिन, पिनशी मोबाइल, सगळं जुळत होतं. डझन आणि कच्चं-तयार मात्र दुसऱ्याच माणसांचे. फाइल उघडली आणि दिसलं. मोबाइलच्या रकान्यानंतर बोटभर रुंदीचा एक रिकामा रकाना होता, आणि त्याच्या पलीकडे डझन, फळ, पैसे आले की नाही.

"हा कशाला?"

"दिसाक बरो. मोकळो मोकळो वाटता."

वहीत दोन रकान्यांत अंतर सोडावं, तसं त्यांनी ते सोडलं होतं. पण क्रम लावताना एक्सेल तुम्ही ज्या सेलमध्ये उभे आहात तिथून चारी बाजूंना भरलेला भाग शोधत जातं आणि पहिला रिकामा रकाना किंवा रिकामी ओळ लागली की तिथे थांबतं. त्याच्या हिशेबी यादी तिथे संपली. डावीकडचे चार रकाने पिनप्रमाणे हलले, उजवीकडचे तीन होते तिथेच राहिले. एकच रकाना निवडून क्रम लावायला गेलं तर ते निदान विचारतं, की शेजारचेही हलवू का? इथे विचारलंसुद्धा नाही, कारण त्याला शेजार दिसतच नव्हता. मी आठवडाभर त्या फाइलकडे बघत होतो. हात कुठे जातो ते टिपत होतो, पण ज्या कागदावर तो हात फिरतोय तो कधी नीट पाहिला नाही. जुन्या पद्धतीत, डोळ्यांनी गठ्ठे लावताना, ही चूक होणंच शक्य नव्हतं.

कंट्रोल-झेड दाबून बघितलं. उपयोग नव्हता; लेबलं छापण्याआधी वहिनींनी फाइल जतन करून बंद केली होती, आणि एक्सेलमध्ये फाइल बंद झाली की मागे जायची वाट पुसली जाते.

मग वहिनींनी लांबट वही काढली. लॅपटॉपवर विश्वास नाही म्हणून त्या प्रत्येक ऑर्डर वहीतही मांडत होत्या, अनुक्रमांक घालून: नाव, गाव, डझन. भाऊ या दुहेरी कामाबद्दल हंगामभर कुरकुरत होते. त्या दिवशी कुरकुरले नाहीत.

उजवीकडचे रकाने हलले नव्हते, म्हणजे ते अजून वहीच्याच क्रमाने होते. डावी बाजू पुन्हा वहीच्या क्रमाला आणली की दोन्ही जुळणार. नावाच्याही डावीकडे एक नवा रकाना घातला. मी पडद्यावरचं नाव वाचायचं, वहिनींनी वहीत शोधून आकडा सांगायचा, मी आकडा आणि एंटर. सतरा, एंटर. चार, एंटर. एकतीस, एंटर. पुण्याचे दोन कुलकर्णी निघाले, ते मोबाइलवरून सोडवले. वहिनींना ते नंबर फोनमध्ये सापडले. त्रेचाळीस आकडे भरून झाले, त्या रकान्यावर क्रम लावला, आणि दादरच्या आजी सरकत जाऊन दोन डझनासमोर बसल्या. तात्यांना बोलावून त्यांच्याकडून ओळखीची सहा-सात नावं तपासून घेतली. माझ्या डोळ्यांवर माझा त्या वेळी भरवसा नव्हता.

मग तो रिकामा रकाना काढून टाकला, सगळी यादी एका सेलमध्ये उभं राहून कंट्रोल-टीने टेबल केली, आणि मगच पिनवर क्रम लावला. टेबल केल्यावर कुठल्याही रकान्यावर क्रम लावला तरी अख्खी ओळ एकत्र हलते. मोकळं मोकळं दिसावं म्हणून डझनाच्या रकान्याची रुंदी वाढवून आकडा मध्यभागी आणून दिला. वहिनींनी मान तिरकी करून पाहिलं आणि चालेल म्हणाल्या. बारा पेट्यांवरची लेबलं ओल्या फडक्याने खरवडली. टेम्पोवाला तोवर दोन चहा पिऊन तिसऱ्याला नको म्हणत होता.

त्यानंतर फाइलमध्ये तीन बदल कायम झाले. पहिला रकाना अनुक्रमांकाचा, वहीतलाच आकडा. यादी कितीही उलटीपालटी झाली तरी त्यावर क्रम लावला की मूळ जागेवर. लेबलावर तो आकडा कोपऱ्यात छापायचा, म्हणजे तात्या पेटी भरताना वहीशी ताडून बघू शकतात. आणि क्रम लावल्यावर छापण्याआधी कोणतीही तीन नावं वहीशी जुळवायची, हा वहिनींचा स्वतःचा नियम. त्याला मिनिटभर जातं. भाऊंनी वीस मिनिटांतून ते वजा करून एकोणीस केले.

दर आठवड्याला कणकवलीहून हिशेबनीस येतात, ते टॅलीवाले. टॅलीत त्यांचा हात माऊसला लागत नाही. एफ-फाइव्ह पेमेंट, एफ-सिक्स रिसीट, कंट्रोल-ए मारलं की व्हाउचर मंजूर. त्याच सवयीने त्यांनी वर्डमध्ये एक पत्र संपवून कंट्रोल-ए मारलं, आणि पुढचं अक्षर टाइप करताच अख्खं पत्र गेलं. वर्डमध्ये कंट्रोल-ए म्हणजे सगळं निवडणं. ते हबकले. पलीकडून वहिनी पाय न हलवता म्हणाल्या, "झेड मारा, झेड. फाइल बंद करू नको."

जूनला पाऊस आला, लॅपटॉप गोणपाटाच्या शेजारी प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर गेला. मी आणलेला चौथा माऊस अजून खोक्यात आहे असं मला वाटत होतं, पण शेवटच्या फेरीला पाहिलं तर तो टेबलावर होता, स्वच्छ. लेबलं छापताना कुठली पानं छापायची ते वहिनी माऊसनेच निवडतात. त्यालाही बटणं आहेत. ते काम दिवसातून एकदाच असतं, आणि तोवर त्यांनी हात धुतलेले असतात, म्हणून मी काही बोललो नाही.